जंजिऱ्यापलीकडचे सिद्दी

अमेरिकेतील विद्यापीठांत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो आणि त्यामागे एका अभ्यासकाची आयुष्यभराची चिकाटी आहे. कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत वाढलेले होते. कोळशाच्या खाणीत राबून उशिरा शाळेत गेलेला हा माणूस १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टर झाला, आणि ज्या समाजाच्या भूतकाळाची नोंद नाही त्याला वर्तमानातही कोणी जमेस धरत नाही, या जाणिवेतून त्याने १९२६ च्या फेब्रुवारीत ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते अध्यक्ष अब्राहम लिंकन यांची जयंती १२ फेब्रुवारीला येते, तर गुलामगिरीतून निसटून आयुष्यभर तिच्याविरुद्ध बोलणारे आणि लिहिणारे फ्रेडरिक डग्लस यांची जयंती १४ फेब्रुवारीला पाळली जात असे, म्हणून तो आठवडा निवडला गेला. त्या आठवड्याचा महिना झाला तो मात्र महाविद्यालयीन आवारात: ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १९६९ मध्ये तशी मागणी केली, १९७० मध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला आणि देशाच्या अध्यक्षांची मान्यता त्याला मिळाली ती १९७६ मध्ये. आधी अभ्यास, मग विद्यार्थ्यांची मागणी आणि सर्वांत शेवटी सरकारी शिक्का, असा हा क्रम आहे.

हाच विषय बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातील महाविद्यालयांत आणला, तर तो दूरदेशीचा वाटण्याचे काही कारण नाही. बेळगावच्या दक्षिणेला खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत, तिथून पुढे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत आणि धारवाड जिल्ह्याच्या कलघटगी भागात सिद्दी समाजाची वस्ती आहे. सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातून वेगवेगळ्या काळी, बहुतांशी गुलाम म्हणून आणि काही अंशी सैनिक व खलाशी म्हणून, हिंदुस्थानात आलेल्या लोकांचे वंशज. जनुकीय अभ्यासांनीही त्यांचा संबंध बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समूहांशी जोडलेला आहे. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमात म्हणून नोंदलेल्या सिद्दींची संख्या १०,४७७ होती, आणि गुजरात, गोवा व दमण-दीव यांसह साऱ्या देशाची १९,५१४. शेजारच्या गोव्यात ही नोंद केवळ १८३ जणांची आहे, हे विशेष, कारण कर्नाटकातील सिद्दींचे पूर्वज मोठ्या प्रमाणावर ज्या बंदरातून आत आले असे मानले जाते, ते बंदर गोव्याचे होते.

पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलामांचा उघड बाजार भरत असे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या यान हायखेन व्हान लिन्सखोटेन या डच प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात शहराच्या मुख्य रस्त्यावर इतर मालाबरोबर माणसेही विकली जात असल्याचे नोंदवले आहे. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली ही माणसे घरकामाला, पालखी वाहायला, गोदीत ओझी उचलायला आणि धन्याच्या रक्षणाला जुंपली जात. त्यांतील ज्यांना संधी मिळाली ते घाट चढून पळाले, आणि पोर्तुगीजांचा हात जिथे पोचत नव्हता अशा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील दाट रानात त्यांनी वस्त्या केल्या. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारे फर्मान १८६९ मध्ये निघाले, तेव्हा या रानातल्या कित्येक कुटुंबांनी आपली सुटका फार आधीच स्वतःच्या पायांनी करून घेतलेली होती. जमैका किंवा ब्राझील येथील मळ्यांतून पळून डोंगरात स्वतंत्र वस्त्या वसवणाऱ्या आफ्रिकी लोकांवर जगभर ग्रंथ लिहिले गेले. तितकीच धाडसाची हकिकत खानापूरपासून यल्लापूरपर्यंतच्या रानात घडलेली असताना मराठीत मात्र तिच्यावर अगदी थोडे लिहिले गेले आहे.

मराठी वाचकाच्या मनात सिद्दी म्हटले की जंजिरा उभा राहतो. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना आणि पुढे पेशव्यांनाही न जिंकता आलेला तो जलदुर्ग, १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला आदिलशाही सरदार सिद्दी जौहर आणि त्या वेढ्यातून महाराजांची सुटका, एवढ्या तीन गोष्टींत मराठी शाळेतला सिद्दी संपतो. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्याच वेढ्याच्या वेळी नेताजी पालकरांबरोबर पन्हाळ्याच्या मदतीला धावलेला सिद्दी हिलाल हाही सिद्दीच होता, आणि त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, हे फारसे सांगितले जात नाही. ज्याच्या हाताखाली शहाजीराजांनी १६२४ मध्ये भातवडीची लढाई लढली तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे अहमदनगरला पोचलेला गुलाम होता. त्याने गनिमी काव्याने मोगलांना दख्खनच्या वेशीवर वर्षानुवर्षे थोपवले, जमिनीची प्रतवारी लावून महसूल ठरवण्याची पद्धत बसवली आणि १६१० च्या सुमारास खडकी नावाचे गाव वसवून त्याला नहरीने पाणी आणले. तेच गाव पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. विजापूरच्या आदिलशाहीतही दिलावर खान आणि इखलास खान हे हबशी, म्हणजे मूळचे इथिओपियाच्या बाजूचे, सरदार राज्याचे कारभारी झाले. खानापूरचा सिद्दी हा मलिक अंबराचा थेट वंशज आहे असे म्हणता येणार नाही, कारण दख्खनी दरबारांतील हबशी आणि गोव्यातून पळालेले गुलाम हे बव्हंशी निरनिराळ्या वाटांनी आले. पण एका खंडातून सक्तीने तोडून आणलेल्या माणसांच्या या दोन शाखा आहेत, आणि एकीचे वैभव दुसरीच्या मुलांना माहीत असण्यात काही गैर नाही.

याच मराठी भाषेत सातासमुद्रापलीकडच्या कृष्णवर्णीयांबद्दल जी आस्था प्रकट झाली, तिला दुसऱ्या भारतीय भाषांत तोड सापडणे कठीण आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील त्या सत्पुरुषांना अर्पण केले, ज्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यातला एक माणूस ती घटना आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या मुक्तीशी जोडून पाहत होता. १९२५ मध्ये निपाणीला भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे त्यांचे लक्ष वेधले. ड्यू बॉइस यांनी त्या पत्राला आपुलकीने उत्तर दिले. त्यानंतर दोन दशकांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, म्हणजे बाबासाहेबांनीच उभारलेल्या नागसेनवनाच्या आवारात, अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे आपल्या विद्यार्थ्यांशी कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल बोलू लागले, आणि त्या चर्चांतून दलित साहित्याच्या चळवळीला एक दिशा मिळाली. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी संघटना काढली, तेव्हा तिचे ‘दलित पँथर’ हे नाव १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतले. पुढे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथच लिहिला.

महाविद्यालयाच्या आवारात कृष्णवर्णीयांचा इतिहास आस्थेने कसा बोलला जातो, याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचा दाखला मिलिंद महाविद्यालयाचाच म्हटला पाहिजे. तिथे त्या साहित्याकडे ज्ञान म्हणून पाहिले गेले, त्याच्याशी स्वतःचे दुःख ताडून पाहिले गेले आणि त्यातून नवे लेखन जन्माला आले; आणि हे सारे त्या शहरात घडले, ज्याचा पाया आफ्रिकेतून विकून आणलेल्या एका माणसाने घातला होता. तरीही मिसिसिपीच्या काठच्या कृष्णवर्णीयाला भाऊ म्हणणाऱ्या मराठी मनाला काळी नदीच्या काठचा सिद्दी क्वचितच आठवला. एक कृष्णवर्णीय सहानुभूतीच्या पुस्तकांत राहिला आणि दुसरा जंजिऱ्याच्या पुस्तकांत, आणि ही पुस्तके एकाच कपाटात असूनही त्यांची गाठ पडली नाही. ही उणीव भरून काढण्याची सर्वाधिक संधी आणि म्हणूनच सर्वाधिक जबाबदारी सीमाभागातील महाविद्यालयांवर येते, कारण सिद्दी माणूस राहतो तो त्यांच्या पंचक्रोशीत.

सीमेची रेघ माणसाच्या आयुष्यात काय उलथापालथ करते, हे बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून शाळेची भाषा, सातबाऱ्याची भाषा, दुकानावरची पाटी या साऱ्या गोष्टी इथे प्रश्न होऊन बसल्या. निपाणीची मुले पदवीसाठी ज्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातात, ते शहराला लागून असूनही महाराष्ट्रात, कागल तालुक्यात येते. सिद्दींच्या वाट्याला अशीच एक रेघ आली, आणि ती दोन राज्यांमधली नसून दोन जिल्ह्यांमधली होती. केंद्र सरकारने २००३ मध्ये सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत केला, म्हणजे ज्या आदिवासी समाजांना शिक्षण, नोकरी आणि प्रतिनिधित्व यांत राज्यघटनेने विशेष संरक्षण दिले आहे, त्यांत त्यांना जागा मिळाली. पण ती केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना. हल्याळ तालुक्यातला भाऊ त्यामुळे अनुसूचित जमातीचा ठरला आणि रानाच्या अलीकडे खानापूर तालुक्यात नांदायला आलेली त्याची बहीण ठरली नाही. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना ही मान्यता मिळायला २०२० साल उजाडावे लागले. मधल्या सतरा वर्षांत खानापूरच्या सिद्दी मुलांची एक सबंध पिढी शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहातील राखीव जागेचा हक्क नसतानाच शाळेतून बाहेर पडली. वर दिलेल्या २०११ च्या आकड्यातही बेळगाव जिल्ह्यातील सिद्दी धरलेले नाहीत, कारण त्या वेळी यादीच्या लेखी ते जमातीत नव्हते. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमणूक झाली आणि देशात पहिल्यांदा एक सिद्दी माणूस विधिमंडळात बसला. स्वतःच्या भाषेसाठी आणि ओळखीसाठी इतकी वर्षे झगडलेल्या मराठी समाजाने शेजारच्या या झगड्याची दखल आवर्जून घ्यायला हवी होती. ती पुरेशी घेतली गेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

सिद्दींचा या मातीशी असलेला संबंध केवळ आश्रयाचा नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये इंग्रजांशी लढाई दिली, त्यांच्यामागून संगोळ्ळी रायण्णाने रानावनात राहून बंड चालू ठेवले आणि १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले. रायण्णाच्या सोबत्यांत गजवीर नावाचा सिद्दी योद्धा होता, ही आठवण या भागाने जपलेली आहे. नंदगडला रायण्णाच्या समाधीपाशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला गजवीराचेही नाव कळले, तर स्वातंत्र्यलढ्यातील एक महत्त्वाचा सोबती त्याच्या ओळखीचा होईल.

भाषेच्या बाबतीत तर हा समाज मराठीच्या उंबऱ्यावर उभा आहे. सिद्दी घरात बोलली जाणारी बोली कोकणी आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली असून तिच्यात कन्नड आणि उर्दूचे शब्द मिसळलेले आहेत. बेळगावच्या मराठी माणसाला ती कान देऊन ऐकली की बरीचशी कळते. हा समाज हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तीन धर्मांत विभागलेला आहे, तरी आपण सारे सिद्दी आहोत ही भावना धर्मापेक्षा खोल असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे, आणि पूर्वजांची पूजा हा या तिन्ही गटांना जोडणारा धागा आहे. डमाम हे त्यांचे चामड्याचे ढोलासारखे वाद्य आणि त्याच्या तालावर होणारे गाणे व नाच म्हणजे डमामी. सिद्दी स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या, सदऱ्यांच्या तुकड्यांतून जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. मराठी घरातल्या वाकळीची ही सख्खी बहीण असली, तरी तिची रीत वेगळी आहे: शिवणारी एका कोपऱ्यापासून सुरुवात करते, कडेकडेने ठिगळे जोडत चौफेर फिरते आणि मध्यावर येऊन थांबते, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण एकावर एक बसवले जातात, त्यांना फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानले जात नाही. हेन्री ड्रूएल या अमेरिकी कलाभ्यासकाने या कवंद्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्या परदेशी संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. सीमाभागातील महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत त्यांना कायमची जागा मिळायला हवी, कारण ही कला पाहण्यासाठी इथल्या विद्यार्थ्याला परदेशी जावे लागत नाही.

महाविद्यालयांत विविधतेचा उत्सव होत नाही असे नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात ‘ट्रॅडिशनल डे’ असतो, मुले धोतर-फेटा आणि मुली नऊवारी किंवा इरकल नेसून येतात, लोकनृत्यांच्या स्पर्धा होतात. या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सिद्दींना अशा कार्यक्रमात बोलावले जाते, तेव्हा धोका असतो तो त्यांना केवळ नाचवण्याचा. पाहुण्यांसमोर डमामी सादर व्हावी, टाळ्या पडाव्यात, फोटो निघावेत आणि डमाम गाडीत घालून माणसे परत जावीत, यात समाजाची ओळख होत नाही. त्याच्या शरीराचे तेवढे कौतुक होते. हीच चूक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारनेही केली होती. आफ्रिकी वंशाचे लोक धावण्यात, उड्या मारण्यात जन्मतः पटाईत असतात, अशा समजुतीतून भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुला-मुलींना हेरून प्रशिक्षणासाठी नेले; त्यांतील काहींनी देशासाठी पदके मिळवली, पण काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि अर्धवट शिक्षण घेऊन अनेकांना गावी परतावे लागले. कृष्णवर्णीय माणसाकडे शरीर म्हणून पाहण्याची ही सवय गुलामांच्या बाजारातच लागलेली आहे, आणि कौतुकाच्या आवरणाखाली ती अधिक काळ टिकते. तिची दुसरी, हिंसक बाजूही याच देशाने पाहिली आहे. २०१६ मध्ये बेंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला आणि २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. ज्याच्या पिढ्यान्पिढ्या याच मातीत गेल्या, त्या सिद्दी तरुणालाही शहरात पाऊल ठेवताच तू कोणत्या देशाचा, असे विचारले जाते. आणि तो कोकणी-मराठीत किंवा कन्नडमध्ये उत्तर देतो, तेव्हा ऐकणाऱ्याला नवल वाटते. वास्तविक त्या नवलाची लाज ऐकणाऱ्याला वाटायला हवी.

म्हणून सीमाभागातील महाविद्यालयांत हा इतिहास साजरा व्हायचा असेल, तर त्याची सुरुवात रंगमंचावर न होता वाचनालयात आणि गावातल्या ओसरीवर झाली पाहिजे. इथल्या मराठी संस्था २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन निष्ठेने पाळतात आणि २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन आहे; या दिवसांत सिद्दी बोलीला एक जागा देणे मुळीच अवघड नाही. राणी पार्वतीदेवी किंवा लिंगराज यांसारख्या बेळगावच्या जुन्या महाविद्यालयांत भाषा आणि इतिहासाची परंपरा आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ याच जिल्ह्याचे आहे, आणि निपाणीजवळच्या देवचंद महाविद्यालयात दोन्ही राज्यांतील विद्यार्थी एका बाकावर बसतात. या संस्थांनी मनावर घेतले, तर सिद्दी म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडची गाणी, वंशावळी, रानातल्या वस्त्यांच्या कहाण्या आणि कवंदीच्या रीती पाच-सहा वर्षांत नोंदवून होतील. वेळ दवडला, तर ज्यांना त्या ठाऊक आहेत ती पिढी हातची जाईल.

खानापूर आणि बेळगावच्या मराठी प्राध्यापकांनी हे काम कन्नड आणि कोकणी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन करावे, कारण सिद्दी बोलीचे धागे तिन्ही भाषांत गुंतलेले आहेत आणि त्यावर एकट्या मराठीने हक्क सांगणे तिच्याच लढ्याच्या तत्त्वाला सोडून होईल. २०२० च्या मान्यतेनंतर जी सिद्दी मुले-मुली पदवीपर्यंत पोचत आहेत, त्यांना या कामात केवळ माहिती सांगायला बसवू नये. प्रश्न काढणे, मुलाखती घेणे आणि लिहिणे त्यांच्याच हाती सोपवावे. आणि या अभ्यासातून जे पहिले पुस्तक छापले जाईल, त्यावर लेखक म्हणून नाव त्यांचे असावे.